वेसण हवी, मुसकं नको: बोलण्यातला विवेक घरात, मंडळीत आणि मोबाईलवर कसा पाळायचा

जालन्यात आमच्याकडं दर गुरुवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. दहा-बारा बाया, एक सतरंजी, दोन गीतं, बायबलातलं एक वचन आणि मग प्रार्थनेचे विषय. काही वर्षांपूर्वी अशाच एका गुरुवारी मी एक विषय सांगितला. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका ताईंची लेक सासरहून आली होती, जावयाचं दुकान बसलं होतं, कर्ज झालं होतं, दोघांचं पटत नव्हतं, आणि हे ताईंनी मला त्यांच्या ओट्यावर मेथी निवडता निवडता सांगितलं होतं, डोळे पुसत सांगितलं होतं. मी सभेत म्हणलं, त्या पोरीसाठी प्रार्थना करा, चार लाखाचं कर्ज आहे, जावई लई खचलाय. सगळ्यांनी मनापासून प्रार्थना केली, दोघीतिघी रडल्या पण. पुढच्या मंगळवारी बीडहून पोरीच्या सासऱ्याचा फोन आला ताईंना. पोरानं बापाला कर्ज सांगितलंच नव्हतं, आकडा तर नाहीच नाही. तो आकडा बापाला आमच्या सतरंजीवरून कळला.

मी एक शब्द खोटा बोलले नव्हते. वाईट हेतू नव्हता, चवीनं पण सांगितलं नव्हतं. तरी एका घराची बसत आलेली घडी माझ्या तोंडानं विस्कटली. तेव्हापासून मी ही गोष्ट शिकायलेय, अजून पूर्ण आली नाही, पण जेवढी आली तेवढी पायरी पायरीनं इथं लिहिते, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये दारू, तंबाखू, सिनेमा यावर भरपूर संदेश होतात आणि जिभेवर वर्षाकाठी एखादा, तोही याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय वाचायची पाळी आली तर.

आधी वेसण आणि मुसकं यातला फरक

ज्यांनी शेती बघितली त्यांना हे लगेच कळेल. कोळपणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसकं बांधतात, उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून. मुसकं बांधलं की तोंड बंद, चांगलं खायचं पण बंद. वेसण वेगळी, ती नाकात असते, बैल चालतो, खातो, हंबरतो, फक्त कुठं वळायचं ते धन्याच्या हातात राहतं. याकोब ३:३ मध्ये घोड्याच्या तोंडातल्या लगामाचं सांगितलंय, आपल्याकडं घोडे कमी, म्हणून मी बायांना वेसणच सांगते.

आपल्यात बरेच जण जीभ आवरायची म्हणजे गप्प बसायचं असं समजतात. स्तोत्र ३९ वाचून बघा, त्यात गाणारा ठरवतो की तोंडाला आवर घालायचा, आणि मग चांगलं बोलायचं पण सोडून देतो, आणि त्याचं दुःख आतल्या आत वाढतं, काळीज तापतं. ते मुसकं झालं. नुसतं गप्प राहणारं माणूस विवेकी असेलच असं नाही, कधी भित्रं असतं, कधी घुमं, कधी मनात राग धरून बसलेलं.

बायबलात विवेकाचा खरा नमुना मला अबीगईलमध्ये दिसतो (१ शमुवेल २५). नवरा नाबाल दावीदाच्या माणसांना वाटेल तसं बोलला, दावीद चारशे माणसं घेऊन निघाला, ही बाई गाढवांवर भाकरी, मनुका, अंजिरांच्या ढेपा लादून वाटेत आडवी गेली आणि असं बोलली की दावीदाची तलवार थांबली. म्हणजे बोलायचं तिथं ती भरपूर बोलली. पण घरी आली तेव्हा नवरा मेजवानीत पिऊन तर्र होता, तर सकाळ होईपर्यंत तिनं त्याला थोडं की बहुत, काहीच सांगितलं नाही. एकाच दिवसात एकीकडं लांबलचक बोलणं आणि दुसरीकडं रात्रभर गप्प, आणि दोन्ही बरोबर. दावीद तिच्या या शहाणपणाला धन्य म्हणाला.

दुसरा नमुना योसेफ, येशूची आई मरीया हिच्याशी ज्याची सोयरीक झाली होती तो. मरीया गरोदर आहे हे कळल्यावर, आणि खरं काय ते अजून माहीत नसताना, त्यानं तिची बेअब्रू न करता गुपचूप तिला सोडायचं मनात आणलं. मत्तय १:१९ मध्ये त्याला नीतिमान म्हणलंय ते याच वाक्यात. त्याला वाटत होतं तो फसलाय, अख्ख्या नासरेथला सांगायचं कारण त्याच्याकडं होतं, तरी सांगितलं नाही. आपल्याकडं सोयरीक मोडली तर दोन्ही घरचे महिनाभर गावभर कारणं सांगत फिरतात, म्हणून हे वचन मला फार जवळचं वाटतं.

पहिली पायरी: गोष्ट कुणाची आहे ते बघा

हीच पायरी सगळ्यात मोठी. बोलायच्या आधी आपण स्वतःला विचारतो, हे खरं आहे का. तो प्रश्न पाहिजेच, पण तेवढ्यानं भागत नाही. त्याच्या आधीचा प्रश्न, ही गोष्ट माझी आहे का? आपल्या मराठवाड्यात अमानत हा शब्द अजून आहे, कुणी विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू. शेजारणीनं लग्नाला जाताना दागिन्यांचा डबा आपल्या कपाटात ठेवला तर आपण तो उघडून पाहुण्यांना दाखवत नाही, ते दागिने खरे सोन्याचे आहेत म्हणून दाखवायचा हक्क मिळत नाही. तशीच गोष्ट. ताईंच्या जावयाचं कर्ज ही ताईंची पण गोष्ट नव्हती पूर्ण, ती जावयाची होती, आणि मी तर तिसरी.

मी प्रोटेस्टंट मंडळीतली, पण कॅथलिक धर्मशिक्षणात हे लई स्वच्छ सांगितलंय. तिथं दुसऱ्याच्या नावाविरुद्धची तीन पापं वेगवेगळी दाखवतात. पुरावा नसताना मनातल्या मनात कुणाला दोषी धरणं हे एक. खोटं बोलून कुणाचं नाव घालवणं हे दुसरं. आणि तिसरं म्हणजे कुणाचा खरा दोष, तसं काही गरजेचं कारण नसताना, ज्याला माहीत नाही त्याला सांगणं. या तिसऱ्यापाशी आपण सगळे अडकतो, कारण आपलं ठरलेलं वाक्य असतं, "मी काय खोटं बोलले का?" नाही बोललात, तरी पापच झालं.

हाताशी ठेवायला मी गोष्टींच्या तीन पिशव्या करते. माझ्या स्वतःच्या गोष्टी, त्या मी सांगू शकते, तरी नवऱ्याच्या, लेकराच्या त्यात किती गुंतल्यात ते बघून. दुसऱ्यानं विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी, त्या विचारल्याशिवाय नाही. आणि तिसरी पिशवी, मला कुणी सांगितलं नाही पण मी पाहिलं किंवा कानावर आलं. सगळ्यात जास्त फुटते ती ही तिसरी, कारण कुणाला शब्द दिलेला नसतो. सरकारी दवाखान्यात तपासणीला गेलात आणि एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथल्या, रांगेत ओळखीचं माणूस दिसलं. बँकेत कुणी जप्तीची नोटीस घेऊन उभं होतं. पोरगी कॉफी शॉपमध्ये दिसली. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ चा कायदाच आहे की माणसाच्या संमतीशिवाय त्याची ही माहिती उघड करता येत नाही. आपल्याला तर त्याच्याही आधीची आज्ञा आहे, नीतिसूत्रे ११:१३, लावालावी करत फिरणारा गुपित फोडतो आणि विश्वासू मनाचा ते झाकून ठेवतो.

गोष्ट दुसऱ्याची असेल आणि सांगायची गरज वाटत असेल तर सरळ विचारायचं: "ताई, हे मी गुरुवारी प्रार्थनेला सांगू का? नाव घेऊन सांगू का नाव न घेता?" नाही म्हणल्या तर एकटीनं प्रार्थना करायची. हो म्हणल्या तरी किती सांगायचं ते पण विचारायचं. मला हा एक प्रश्न विचारायला दहा सेकंद लागले असते.

दुसरी पायरी: प्रार्थनेचा विषय सांगायची पद्धत बदला

आपल्या मंडळ्या लहान आहेत आणि सगळे एकमेकांचे सोयरे. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं ते एकोणिसाव्या शतकात, आमच्यातले जुने लोक तिथपासूनच्या ओळखी सांगतात, कुणाची आत्या अंबडला, कुणाचा व्याही परभणीला, पाळक साहेबांची बदली नांदेडहून. म्हणून नाव घेतलं नाही म्हणजे झालं, असं आपल्याकडं चालत नाही. "जिचा नवरा एसटीत आहे ना, ती", "मागच्या रविवारी जी आली नव्हती" असं म्हणलं की नाव घेतल्यासारखंच आहे, उलट लोक अंदाज करत दुसऱ्याच बाईपर्यंत पोचतात.

सोपं करा. विषयात फक्त गरज सांगा, कहाणी नको. "एका घरात पैशाची अडचण आहे, शांती टिकावी म्हणून प्रार्थना करू." संपलं. कुणी विचारलंच, "कोणाचं घर?" तर म्हणायचं, "प्रभूला माहीत आहे, आपण त्याच्यापुढंच मांडायलोय." हे वाक्य हसत, हळू आवाजात म्हणलं की कुणाला लागत नाही. पहिल्यांदा मी म्हणाले तेव्हा खोलीत जरा शांतता झाली होती. तिसऱ्या-चौथ्या गुरुवारी बाकीच्या बाया पण तसंच सांगायला लागल्या.

मोठ्यानं प्रार्थना करताना पण जपायचं. कधी कधी आपली प्रार्थना देवाकडं कमी आणि शेजारी बसलेल्याकडं जास्त जाते, "हे प्रभू, या भावाची दारू सोडव, त्याच्या लेकरांकडं बघ," आणि तो भाऊ तिथंच मान खाली घालून बसलेला. त्याला तसं त्याच्या तोंडावर एकट्याला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून आपण देवाला मध्ये घातलं. मी स्वतः असं बसलेल्या एका भावाला पुढचे कितीतरी रविवार चर्चमध्ये पाहिलं नाही.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. तिथं मी चार गोष्टी पक्क्या ठरवल्यात. आयसीयूतल्या माणसाचा नळ्या लावलेला फोटो टाकायचा नाही, पुढं पाठवायचा नाही, घरच्यांनी पाठवला असला तरी. दवाखान्याचा रिपोर्ट ग्रुपवर नाही. आलेला प्रार्थना विषय दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड करायचा नाही, मूळ घरच्यांना विचारल्याशिवाय. आणि रागात लिहिलेला मेसेज रात्री पाठवायचा नाही, लिहून ठेवायचा, सकाळी वाचायचा, बहुतेक वेळा सकाळी तो पाठवावा वाटतच नाही. डिलीट फॉर एव्हरीवन असतं, पण तोपर्यंत कुणीतरी स्क्रीनशॉट काढलेला असतो. ग्रुप अ‍ॅडमिननं अशी पोस्ट दिसली की ग्रुपवर सगळ्यांसमोर न रागावता त्या माणसाला वेगळा फोन करायचा, कारण सगळ्यांसमोर झापणं हाही त्याच रोगातला प्रकार.

तिसरी पायरी: वेळ ओळखा, विशेष करून दुःखाच्या घरात

रुपेरी करंडीत सोन्याची फळं तसा वेळेवर बोललेला शब्द, असं नीतिसूत्रे २५:११ म्हणतं. उलटं पण आहे, २७:१४ मध्ये, भल्या पहाटे मोठ्यानं दिलेला आशीर्वाद शापच धरला जातो. म्हणजे आशीर्वाद सुद्धा अवेळी शाप होतो. स्वतः प्रभू येशू शेवटच्या रात्री शिष्यांना म्हणाले की अजून पुष्कळ सांगायचंय पण आत्ता तुम्हाला ते सोसणार नाही (योहान १६:१२). त्यांच्याकडं तर सगळं सत्यच होतं, तरी त्यांनी समोरच्याची ताकद बघून थांबवलं.

हे सगळ्यात जास्त कुठं लागतं तर आपल्याकडं ज्या घरात शेतीपायी माणूस गेलाय तिथं. पाऊस नाही, नाहीतर ऐन काढणीत पाऊस, कापसाला सोयाबीनला भाव नाही, आणि एक दिवस कर्त्या माणसानं जीव दिला. अशा घरी आपण मंडळी म्हणून जातो आणि तिथं ओसरीवर बसून लोक काय काय बोलतात ते मी ऐकलंय. "किती होतं कर्ज?" "तुम्हाला कुणाला काही कळलंच नाही का?" "असं करायला नको होतं, हे पाप आहे." "देवाची इच्छा." त्या बाईच्या मांडीवर डोकं ठेवून तिची दहा वर्षांची पोरगी झोपलेली, झोपलेली कसली, डोळे मिटून सगळं ऐकत होती, तिच्या पापण्या हलत होत्या. मी तिच्या पापण्यांकडं बघत होते आणि मलाही काहीतरी बोलावं वाटत होतं, एखादं वचन, पण तोंड उघडलं नाही. उठून चुलीकडं गेले आणि तिथल्या पोरीला विचारलं, पाणी भरलंय का.

बायबलातल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, कुणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं होतं. तेवढे सात दिवस ते खरे मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं, शेवटी देवाला त्यांच्यावर राग आला. त्यांचं बरंचसं बोलणं वेगळ्या ठिकाणी वाचलं तर चांगल्या शिकवणीसारखंच वाटतं, तिथं मात्र ते जखमेवर मीठ होतं.

म्हणून दुःखाच्या घरी जाताना काय करायचं ते आधीच ठरवून जा. बाईचा हात धरून बसायचं. म्हणायचं तर एवढंच, "मी आलेय, मी बसते." प्रश्न विचारायचेच नाहीत, कसं झालं, कुणी बघितलं, चिठ्ठी होती का, काहीच नाही. भाकरी-पिठलं करून न्यायचं, टँकरच्या रांगेत त्यांचे हंडे लावायचे, जनावरांना चारा टाकलाय का ते बघायचं. वचन वाचायचं तर छोटं, तेही घरच्यांना विचारून. परत येताना वाटेत त्या घराबद्दल बोलायचं नाही, हे सगळ्यात अवघड, कारण जीपमध्ये सगळे तेच बोलत असतात. आणि दहाव्या-पंधराव्या दिवशी पुन्हा जायचं, तेव्हा लोक यायचे थांबलेले असतात आणि तिला बोलायचं असतं. त्या घरात आणखी कुणी "आता जगून काय करू" असं म्हणत असेल तर ते मात्र पोटात ठेवायचं नाही, त्याच दिवशी घरातल्या जबाबदार माणसाला आणि डॉक्टरला सांगायचं, मानसिक आरोग्यासाठीचा टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

बाकी रोजच्या वेळा थोडक्यात. माणूस उपाशी असताना, नुकतंच प्रवासातून आल्यावर, पाहुण्यांसमोर, लेकरांसमोर, आणि उपासना संपल्यावर चर्चच्या दारात, या वेळांना गंभीर गोष्ट काढू नका. एक रात्र थांबलं तर काही बिघडत नाही, अबीगईल थांबली होती.

चौथी पायरी: त्याच्याबद्दल बोलण्याआधी त्याच्याशी बोला

मत्तय १८:१५ पासून क्रम ठरवून दिलाय. भावानं अपराध केला तर आधी तू आणि तो एकटेच असताना सांग. ऐकलं नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरी नाही तर मंडळीला सांग. आपण हा क्रम उलटा चालवतो, आधी मंडळीला, मग पाळक साहेबांना, आणि ज्याचा अपराध त्याला शेवटी, तेही कुणाच्या तरी तोंडून तिखटमीठ लावून.

एकट्यात बोलायचं म्हणजे कसं? जागा अशी बघा जिथं त्याला मान खाली घालता येईल आणि कुणी बघणार नाही. पहिलं वाक्य आपल्याला काय दिसलं तेवढंच, निकाल नाही. "भाऊ, मागच्या दोन मीटिंगचा हिशेब मला कळला नाही, जरा समजावून सांगाल का?" हे वेगळं आणि "पैसे खाल्ले का?" हे वेगळं. मग थांबायचं. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं मूर्खपणा आहे, नीतिसूत्रे १८:१३. मी अशा बोलण्यांत जवळजवळ दर वेळी असं काही ऐकलंय जे मला आधी माहीतच नव्हतं.

पाळक साहेब, कमिटी, पैसा यांच्या बाबतीत हे जास्तच जपून. १ तीमथ्य ५:१९ म्हणतं दोन-तीन साक्षीदार असल्याशिवाय वडिलांवरचा, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरचा, आरोप धरू नका. याचा अर्थ झाकून टाका असा नाही. हिशेबाचा प्रश्न मीटिंगमध्ये, कागद हातात घेऊन, मिनिट्समध्ये लिहून घेऊन विचारायचा. तो चहाच्या टपरीवर विचारला की त्याची निंदा होते आणि हिशेब मात्र मिळत नाही.

पाचवी पायरी: कान पण आवरा

सरपण संपलं की विस्तव विझतो, चहाडखोर नसला की भांडण थांबतं (नीतिसूत्रे २६:२०). आपल्याकडं कडब्याची गंज पेटली की ती विझवता येत नाही, शेजारची गंज तेवढी वाचवता येते. ऐकणारीचं काम तेच, आपल्यापाशी आलेली ठिणगी पुढच्या गंजीपर्यंत जाऊ द्यायची नाही.

अडचण अशी की सांगणारी बऱ्याचदा वयानं मोठी असते, तिला गप्प करता येत नाही, करूही नये. मी असं करते. "मावशी, ती बिचारी इथं नाई ना, जाऊ द्या. तुमच्या गुडघ्याचं काय म्हणले डॉक्टर?" मावशीला पण कुणीतरी आपलं विचारावं एवढंच हवं असतं पुष्कळदा, आणि गुडघ्यावर अर्धा तास जातो. सून-मुलगी कुणाबद्दल सांगत आली तर विचारते, "तू तिच्याशी बोललीस का?" बहुतेक वेळा नाही असंच उत्तर असतं, आणि बोलणं तिथंच थांबतं.

जिथं गप्प बसणं पाप आहे

हे लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही, कारण जीभ आवरा ही शिकवण वापरून आपल्याच मंडळ्यांत लई बायांची आणि लेकरांची तोंडं बंद केली गेलीत. "घरातली गोष्ट घरात ठेव", "मंडळीचं नाव खराब होईल", "क्षमा कर". हे मुसकं आहे. ज्याला स्वतःसाठी बोलता येत नाही त्याच्यासाठी तोंड उघड, हे नीतिसूत्रे ३१:८ पण त्याच पुस्तकात आहे. आणि लेवीय ५:१ सांगतं की साक्षीदार असून माहीत असलेलं सांगितलं नाही तर तो दोष त्याच्यावर.

लेकरावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पाळक असो, संडे स्कूलची टीचर असो की शेजारी. लेकरांसाठी १०९८, बायांसाठी १८१, तातडीला ११२. इथं मंडळीत बैठक घेऊन आपसात मिटवायचं नाही. मारहाण सहन करणाऱ्या बाईला तिच्या जीवाचा विचार आधी, सोयरीक नंतर.

तरी तिथंही वेसण सुटत नाही. ज्यांना कळलं पाहिजे त्यांनाच सांगायचं, पोलीस, डॉक्टर, लेकराची काळजी घेणारं माणूस, आणि बाकी कुणालाही नाही. त्या लेकराचं नाव गुरुवारच्या सतरंजीवर यायला नको.

म्हणून कुणी "ताई, एक सांगते, कुणालाच सांगू नका" म्हणलं की मी आता डोळे झाकून शब्द देत नाही. मी म्हणते, "सांग, माझ्याकडंच राहील. पण कुणाच्या जीवाला धोका असेल तर मला मदत आणावी लागेल, तेही तुला सांगूनच आणीन." असं म्हणल्यावर आजवर एकच जण उठून गेली, ती पण आठ दिवसांनी परत आली.

रोजचा सराव

सकाळी अंथरुणातच स्तोत्र १४१:३, माझ्या तोंडावर पहारा ठेव, माझ्या ओठांचं दार सांभाळ. एवढीच प्रार्थना. रात्री दिवा मालवताना आठवायचं, आज मी कुणाबद्दल बोलले जो तिथं नव्हता, आणि तो दाराशी उभा असता तर मी तसंच बोलले असते का. ज्या दिवशी उत्तर नाही येतं, त्या दिवशीचं नाव वहीत लिहायचं, गोष्ट लिहायची नाही, फक्त नाव, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करायची.

लेंतच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या, चाळीस दिवसांत आमच्या घरात काही जण मटण सोडतात. मागची दोन वर्षं मी न आलेल्या माणसाबद्दल बोलणं सोडलं. पहिल्या आठवड्यात कळलं की माझ्याकडं बोलायला काही उरलंच नाही. मग हळूहळू लेकीला तिच्या कॉलेजबद्दल विचारायला लागले, नवऱ्याशी पिकाबद्दल बोलायला लागले. सराव लांब चालतो हे धरूनच चला, इजिप्तच्या रानात राहणाऱ्या जुन्या साधूंपैकी अगाथोन नावाच्या एकाबद्दल सांगतात की गप्प राहायला शिकेपर्यंत त्यानं तीन वर्षं तोंडात दगड धरला.

आणि चूक झालीच तर

लपवू नका. ज्याची गोष्ट फोडली त्याच्याकडं स्वतः जा, फोनवर नाही, दुसऱ्या कुणाला मध्ये घेऊन नाही. कारणं सांगू नका, "मी प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं" हे तर मुळीच नको, ते खरं असलं तरी. काय बोललात, कुणापुढं बोललात ते नेमकं सांगा, म्हणजे त्याला कळेल कुठवर गेलंय. मग ज्यांना सांगितलं त्यांच्याकडं परत जा आणि म्हणा, मी ते सांगायला नको होतं, तुम्ही पुढं नेऊ नका. क्षमा मागा, पण क्षमा लगेच मिळावी म्हणून बसून राहू नका, आणि "झालं गेलं विसरून जा" हे वाक्य चूक करणाऱ्यानं म्हणायचं नसतं.

मी त्या ताईंकडं गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, त्या त्याच ओट्यावर होत्या, तूर पाखडत. मी सगळं सांगितलं, सतरंजीवर कोण कोण होतं त्या बाराही जणींची नावं घेतली. त्या सूप हलवत राहिल्या. मग म्हणाल्या, "आकडा काहून सांगितला गं माय तू? बाकीचं चाललं असतं." माझ्याकडं उत्तर नव्हतं. जावई आणि पोरगी पुढं वर्षभरानं एकत्र आले, बीड सोडून संभाजीनगरला राहायला गेले, त्यात माझा काही हात नाही. ताई रविवारी चर्चमध्ये भेटल्या की जय ख्रिस्त म्हणतात, नाताळला करंज्यांचा डबा पाठवतात, मी रिकामा डबा परत देताना त्यात काहीतरी घालून देते. पण त्या दिवसापासून त्यांनी मला घरातलं काही सांगितलेलं नाही, आणि मी विचारत नाही.